सात मिनिटांचा कूलर

सोमवारी सकाळी धर्मपालचा फोन आला तेव्हा रुपाली भगत नागपूरच्या कारखान्यात पत्रा कापायच्या मशीनजवळ उभी होती. त्या खडखडाटात तिला आधी काही ऐकूच आलं नाही. ती बाहेर आली आणि एक कान बोटानं दाबून धरला.

“मुकुटबनच्या बेबीताईले कूलरचा शॉक लागला,” बाप सांगत होता. “रामरावच्या घरच्या. जित्ती हाये. वणीच्या दवाखान्यात नेलं तिले.”

“कोनता कूलर?”

“तुहाच, बाई.”

मे महिन्याचा दुसरा आठवडा, दहा वाजायच्या आत ऊन अंगाला चावत होतं आणि तिच्या तळहातांना मात्र गार घाम सुटला होता.

मुकुटबन, झरी आणि पांढरकवडा मिळून चाळीस घरांत त्या उन्हाळ्यात तिचे कूलर चालू होते. कारखान्यानं ते लोकांना वापरून बघायला दिले होते. तिचे म्हणजे तिनं आखलेले. बाहेरून पाहिलं तर चारचौघांसारखाच लोखंडी पत्र्याचा कूलर: तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, मधे पंखा, खाली पाण्याची टाकी आणि पंप. वेगळेपण होतं ते आत. त्याला एकही रिबिट नव्हतं, कुठं डिंकानं चिकटवलेलं नव्हतं, वेल्डिंगचा टाका नव्हता. सगळे नट एकाच मापाचे. एक पाना हातात घेतला की माणूस सात मिनिटांत लोखंड एकीकडे, ॲल्युमिनियमचं पातं दुसरीकडे आणि मोटारीतलं तांबं अख्ख्या वेटोळ्यानिशी बाहेर काढू शकत होता. फोडायची गरज नाही, जाळायची गरज नाही.

हे तिला पुस्तकात सापडलेलं नव्हतं. पांढरकवड्याला हायवेच्या कडेला धर्मपालचं भंगाराचं दुकान होतं आणि मेलेल्या कूलर-पंख्यांच्या ढिगातच ती लहानाची मोठी झाली होती. बाप छिन्नी-हातोड्यानं रिबिटं उडवायचा. आई, मथुराबाई, दुकानामागे मोटारी जाळायची, कारण रोगणात घट्ट बसलेलं तांबं जाळल्याशिवाय सुटत नसे. वीस वर्षं तिनं तो काळा धूर गिळला. आता दुकानापासून नळापर्यंत चालली तरी मथुराबाईच्या छातीत शिटी वाजायची. लेक शिकली, इंजिनिअर झाली, कूलरच्या कारखान्यात लागली, तेव्हा तिनं मनाशी एवढंच धरलं होतं की आपल्या हातून जे बनेल ते मेल्यावर कुणाच्या आईला असं छळणार नाही.

आणि आता त्याच कूलरनं एका बाईला पकडलं होतं.

कारखान्याचे मालक राजकुमारजी नुकतेच येऊन बसले होते. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, डोळे चोळले.

“पहले जाकर देखो,” ते म्हणाले. “और रूपाली, वहाँ किसी से कुछ बोलना मत. पता चले बगैर एक शब्द नहीं.”

ती पांढरकवड्याच्या बसमध्ये बसली. खिडकीतून येणारा वारा चुलीसमोर बसल्यासारखा होता. हिंगणघाट गेलं, वडनेर गेलं, आणि तिच्या डोक्यात एकच वाक्य फिरत राहिलं. ओढली की निघते.

ते वाक्य तिचंच होतं. जानेवारीत कूलर नऊ मिनिटांत खुलत होता. कूलर विकणाऱ्या दुकानदारांना बोलावून त्यांच्यासमोर तो उकलून दाखवायचा असं ठरलं, तेव्हा राजकुमारजी म्हणाले होते, सात में करके दिखाओ, तब बात बनेगी. रुपालीनं दोन मिनिटं शोधायला घेतली. ती सापडली अर्थिंगच्या वायरीपाशी. ही वायर कूलरचं अंग जमिनीशी जोडते. आत कुठं करंट फुटला तर तो पत्र्यात थांबू नये, वायरीनं जमिनीत जावा आणि घरातला फ्यूज उडावा, एवढ्यासाठी ती असते. रुपालीच्या आधीच्या आराखड्यात ती नट-बोल्टनं आवळलेली होती. तिनं तो बोल्ट काढला आणि त्याजागी पितळेची एक क्लिप दिली, पत्र्याच्या जिभेवर दाबून बसवायची. “ओढली की निघते,” असं तिनं दुकानदारांना हसत सांगितलं होतं, क्लिप ओढून दाखवली होती, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

आणि न ओढता निघाली असेल तर? कूलर चालूच राहिला असेल, गार हवा देत राहिला असेल, घरात कुणाला पत्ताही लागला नसेल. ओला हात पत्र्याला लागेपर्यंत.

तिनं कारखान्यात तो कूलर महिनाभर बंद न करता चालवून पाहिला होता. क्लिप हलली नव्हती. हे ती स्वतःला परत परत सांगत होती, आणि प्रत्येक वेळी तिला आठवत होतं की कारखान्यात पाणी नळाचं होतं. मुकुटबनला बोअरचं खारं पाणी.

पांढरकवड्याच्या स्टँडबाहेर धर्मपाल आपला छोटा हत्ती, म्हणजे भंगार वाहायचा लहान टेम्पो, सुरू ठेवूनच उभा होता. पंचावन्नचा बारीक माणूस, डोक्याला पांढरा दुपट्टा. त्यानं लेकीकडे पाहिलं आणि पाण्याची बाटली पुढं केली.

“आधी पानी पे. मंग बोल.”

ती प्यायली. झरीचा फाटा मागे पडला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सागाचं जंगल पानं झडून नुसत्या काड्यांचं उभं होतं.

“बाबा,” ती शेवटी म्हणाली, “अर्थिंगचा नट मी काढलता. क्लिप लावली त्याच्या जाग्यावर.”

“काहून?”

“लवकर खुलावं म्हनून.”

धर्मपालनं मान हलवली.

रामरावांच्या अंगणात पंधरा-वीस माणसं कडुनिंबाच्या सावलीत उभी होती. कूलर खिडकीपासून ओढून उन्हात आणून टाकला होता, जणू त्यालाच शिक्षा दिली होती. रामराव साठीचे, कपाशी आणि तुरीची वीस एकर जमीन असलेले, गावात ज्यांच्यासमोर आवाज चढवत नाहीत असे गृहस्थ. सकाळपासून त्यांनी काही खाल्लेलं दिसत नव्हतं.

“आली का बापा मॅडम!” ते ओरडले. “सात मिनिटांत खुलते म्हनून सांगतलं होतं तुम्ही. एका मिनिटात मानूस मारते हे काहून नाही सांगतलं? बाई टाकीत पानी टाकाले गेलती. चिपकली! म्या लाकडी पाट मारून सोडवली तिले. पाट नसता तं?”

“काका, काकू कशा आहेत आता?” रुपालीनं विचारलं.

“हात जयला. छातीच्या ठोक्यांची पट्टी काढून राह्यले डॉक्टर घडीघडी. पोरगं हाये तिथीसा.” त्यांनी धर्मपालकडे बोट केलं. “आन हे धरमपाल, तुह्या भरोशावर म्या हे धूड घरात घेतलं. भंगारवाल्याच्या पोरीनं भंगारच बनवलं म्हना!”

दोन-तीन माणसं हसली. धर्मपालनं टेम्पोतून पाना काढला आणि लेकीच्या हातात दिला.

पत्रा इतका तापला होता की हात लावताच चटका बसला. ती मागच्या बाजूचे नट काढू लागली. एक. दोन. पाना दोनदा घसरला. आता ताटी निघेल, आता आतलं दिसेल, आणि ती क्लिप तिथं लोंबत असेल. मग काय करायचं, कुणाकडे बघायचं, यापलीकडे तिला काही सुचत नव्हतं. चौथा नट निघाला. तिनं ताटी बाजूला ठेवली आणि वाकून पाहिलं.

क्लिप जागेवर होती.

तिनं परत पाहिलं. पितळेवर पांढरा क्षार चढला होता, पण क्लिप पत्र्याच्या जिभेवर नीट बसलेली होती. तिनं पंप तपासला: त्यात पाणी शिरलं होतं, करंट तिथून फुटला होता. पण मग तो जमिनीत का गेला नाही? ती वायर हातात धरून टोकापर्यंत गेली, आणि टोकाला तिला दोन पायांची पिन दिसली.

कारखान्यातून कूलर गेला होता तो तीन पायांच्या पिनेचा. तिसरा जाड पाय अर्थिंगचा. ही पिन दुसरीच होती, आणि अर्थिंगची हिरवी वायर तिच्याजवळ कापून, वर काळी टेप गुंडाळून टाकलेली होती.

“काका,” ती हळू म्हणाली, “पिन कोनी बदलली?”

“म्या,” रामराव म्हणाले. “बोर्डाले दोनच भोकं हायेत. तुमची पिन घुसेच ना. कायले?”

रुपालीनं ती कापलेली हिरवी वायर तळहातावर घेऊन त्यांना दाखवली. रामरावांनी बोअरला मोटार बसवलेली होती, हिरवी वायर कशासाठी असते हे त्यांना सांगावं लागलं नाही. मग त्यांच्या चेहऱ्यावरचा राग कुणी हातानं पुसावा तसा गेला आणि खाली जे उरलं ते बघवेना. ते तिथंच ओट्यावर बसले.

“म्या केलं हे?” ते म्हणाले. “मीच?”

आणि रुपालीला काय वाटलं? तिला हलकं वाटलं. छातीवरचा धोंडा कुणी उचलून नेल्यासारखं हलकं. एक म्हातारा माणूस समोर कोसळून बसला होता, त्याची बायको दवाखान्यात होती, आणि तिला मोकळा श्वास येत होता. दुसऱ्याच क्षणी तिला स्वतःची अशी शरम वाटली की ती कूलरकडे तोंड करून उभी राहिली.

तिथं धर्मपाल वाकला होता. त्यानं आपल्या करंगळीचं नख क्लिपेखाली घातलं आणि नुसतं उचललं. क्लिप टपकन निघून त्याच्या बोटावर आली.

“बाई,” तो म्हणाला, अगदी तिच्यापुरतं, “हे तं निंघून राह्यली.”

रुपालीनं ती हातात घेतली. खाऱ्या पाण्यानं पितळ आणि पत्र्याच्या मधे पापुद्रा धरला होता, पकड गेलेली होती. आज नाही तर पंधरा दिवसांनी पंख्याच्या थरथरीनं ती आपोआप पडली असती.

“दोन महिन्यांत?” ती पुटपुटली.

“बाकीच्या एकुनचाळीस घरी काय झालं असन?” धर्मपालनं विचारलं.

दुपारचे अडीच वाजले होते. या वेळी बाहेर कुत्रंसुद्धा दिसत नाही. सगळी माणसं घरात, आणि सगळे कूलर चालू. रुपालीनं फोन काढून यादी उघडली. “काकू, कूलरची पिन काढा. आत्ता काढा. हात लावू नका त्याले, आधी पिन,” असं ती एकेका घरी सांगत सुटली. सव्वीस जणांनी उचलला. काहींनी कटकट केली. एकानं विचारलं, कोणी मेलं का? बारा घरी फोन नुसताच वाजत राहिला. एक घर उरलं होतं याच गावातलं, याच गल्लीच्या टोकाचं. तिथला नंबर बंद होता.

“निशिगंधाचं घर हाये ते,” गर्दीतलं कुणीतरी म्हणालं. “बाळंतीन हाये.”

ती जवळजवळ पळतच गेली. दार ओढलेलं होतं. आतल्या खोलीत अंधार, ओलसर गारवा आणि वाळ्याचा वास. खाटेवर निशिगंधा आडवी होती, कुशीत अकरा दिवसांचं बाळ. खाट कूलरला चिकटून होती. आणि कूलरच्या जाळीवर, हवेत लवकर वाळावेत म्हणून, बाळाचे चार ओले लंगोट पसरलेले होते.

“हलू नका,” रुपाली म्हणाली. “हात नका लावू.” तिनं भिंतीवरचं बटन बंद केलं, पिन ओढून काढली. पंखा गरगरत मंदावला आणि थांबला. त्या शांततेत बाळ दचकून रडायला लागलं.

“काहून बंद केला?” निशिगंधा घाबरून उठली. “लेकराले घामोळ्या आल्यात. कूलर बंद झाला का रात-दिवस रडते ते. काय झालं, ताई?”

“पाच मिनिटं,” रुपाली म्हणाली. “फक्त पाच मिनिटं द्या मले.”

धर्मपाल पाना घेऊन आलाच होता. तिनं मागची ताटी काढली. आत क्लिप नव्हती. म्हणजे होती, पण टाकीच्या कडेला, वायरीच्या टोकाला लोंबत. पंख्याच्या वाऱ्यानं ती पत्र्यावर आपटून तिथला रंगही उडाला होता. कितीतरी दिवस ती अशीच असावी. इथं पिन तीन पायांची होती, घराला अर्थिंग होतं, सगळं जसं असायला हवं तसं होतं. फक्त रुपालीची क्लिप नव्हती. पंप अजून धड होता, म्हणून ही दोघं धड होती.

ती जमिनीवर बसली.

“ऊठ,” धर्मपाल म्हणाला. “रडाचं असन तं मंग रडजो. आता भोक पाडू.”

टेम्पोत त्याचा नट-बोल्टांचा डबा नेहमीच असे. त्यानं हातड्रिलनं पत्र्याला भोक पाडलं, कानशीनं भोकाभोवतीचा रंग खरवडून लोखंड उघडं केलं. रुपालीनं वायरीचं टोक सोलून बोल्टभोवती गुंडाळलं, दात्यांचं वायसर घातलं, नट बसवला आणि पान्यानं आवळला. धर्मपालनं ती वायर धरून जोरात हिसका दिला. सबंध कूलर हलला, वायर नाही. मग तिनं टेस्टर लावून पाहिलं, पिन घातली, परत टेस्टर लावला. जाळीवरचे लंगोट काढून निशिगंधाच्या हातात दिले.

“ह्याच्यावर कपडे नका वाळवू, ताई. कोनताच कूलर असो.”

कूलर सुरू झाला. बाळ थोड्या वेळानं निजलं.

संध्याकाळपर्यंत त्यांनी, फोन न उचललेल्यांपासून सुरुवात करून, मुकुटबन आणि झरीकडची चौदा घरं केली. एका वस्तीत उकंडा नावाचा म्हातारा त्यांना आत येऊ देईना. कूलर परत न्यायला आले, असंच त्याला वाटत होतं. शेवटी धर्मपालनं त्याच्याजवळ बसून विडी ओढली, मग त्यानं वाट दिली. चौदातली अजून एक क्लिप पूर्ण निसटलेली निघाली, पाच अर्ध्यावर आलेल्या.

दिवेलागणीला पांढरकवड्याच्या घरी राजकुमारजींचा फोन आला. रुपालीनं सगळं सांगितलं, पिनेचंही आणि क्लिपेचंही.

“मतलब उस औरत को प्लग से लगा,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात तीच सुटका होती जी दुपारी तिला वाटली होती. “तो रिपोर्ट में प्लग लिखो. फोटो है ना? क्लिप वाली बात चुपचाप ठीक कर लो, लिखने की क्या ज़रूरत?”

“सर, गोदाम में बारह सौ पड़े हैं. सब में वही क्लिप है.”

“शुक्रवार को गाड़ियाँ निकलनी हैं.”

“नहीं निकल सकतीं, सर.”

राजकुमारजी शांतपणे म्हणाले, “सोच लो. तुमने लिखा, तो मैं बोर्ड के सामने क्या बोलूँगा? यही, कि खुलने वाला कूलर खतरनाक है. अगले साल से वापस रिबिट. किस्सा खतम.”

फोन ठेवल्यावर रुपाली ओट्यावर बसून राहिली. राजकुमारजी वाईट नव्हते, आणि ते खोटंही बोलत नव्हते; हेच जास्त कठीण होतं. खरं लिहिलं तर तीन वर्षांचं काम तिच्याच सहीनं मातीत जाणार होतं. परत रिबिटं, परत छिन्नी, दुकानामागे परत धूर. आत मथुराबाई भाकरी थापत होती आणि तिची छाती वाजत होती.

“काय म्हने?” धर्मपाल बाजूला येऊन बसला.

तिनं सांगितलं. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, “एक इचारतो. हे सात मिनिटांचं कोनाले पाह्यजे होतं?”

“तुमालेच न, बाबा. भंगारवाल्याले.”

“मले?” धर्मपाल खरंच चकित झाला. “मले कधी इचारलं तू? घड्याय लावून कोन भंगार फोडते, बाई? मले एक नट जास्तीचा खोलाले काय जाते? गंजला तं तेल टाकतो, चहा पेतो, खोलतो. नट खुलते. रिबिट खुलत नाही, जयलेलं रोगन सुटत नाही, माहं दुखनं ते हाये. तू तं ते पह्यलेच काढलं. मंग कायले अजून दोन मिनिटांच्या मांगं लागली?”

खरं उत्तर रुपालीला बापासमोर उच्चारवेना: टाळ्यांसाठी.

मथुराबाई दारात येऊन उभी राहिली होती. “लेकरू अकरा दिवसाचं होतं म्हनते न तू?” एवढंच ती म्हणाली, आणि धाप लागली म्हणून चौकटीला धरून थांबली.

रुपालीनं जेवणाआधीच रिपोर्ट लिहायला घेतला. पिनेबद्दल लिहिलं. क्लिपेबद्दल लिहिलं, कोणत्या घरी काय सापडलं ते लिहिलं, आणि बोल्टऐवजी क्लिप घालायचा निर्णय आपला होता हेही लिहिलं. शेवटी एक ओळ लिहिली की बोल्ट परत घातल्यास कूलर नऊ मिनिटांत खुलतो, आणि ते पुरेसं आहे. पाठवल्यावर तिला मोकळं वगैरे काही वाटलं नाही.

पुढचे दोन दिवस बापलेक उरलेली घरं करत फिरले. बुधवारी शेवटचा कूलर झाल्यावर ती वणीच्या दवाखान्यात गेली. वऱ्हांड्यात रामराव उभे होते. तीन दिवसांत ते वाळल्यासारखे दिसत होते. त्यांनी तिला बाजूला घेतलं.

“पोरी,” ते म्हणाले. आज मॅडम नव्हतं. “तिले पिनेचं नोको सांगू. चाळीस वर्सं झाले आमच्या लग्नाले.”

हेच, अगदी हेच, दोन दिवसांपूर्वी राजकुमारजींनी रुपालीला सांगितलं होतं.

“काका, मी माहं सांगतो,” ती म्हणाली. “तुमचं तुम्ही सांगा.”

बेबीताई उशीला टेकून बसल्या होत्या. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. त्या रुपालीला ओळखत होत्या. कूलर पोचवायला आली तेव्हा त्यांनीच तिला ताक दिलं होतं.

“ओरडता नाही येत, बाई,” त्या आपणहून सांगू लागल्या. “लोकं म्हनतात ओरडाचं होतं. तोंड उघडं राह्यते, आवाज निंघत नाही. मले दिसत होतं सगळं. हे अंगनात दात घासून राह्यले होते, मले दिसत होते. मी म्हटलं, आता हे इकडे पाह्यतच नाहीत.”

रुपालीनं त्यांच्या पायांशी बसून क्लिपेचं सगळं सांगितलं. निशिगंधाच्या घरचंही सांगितलं. संपल्यावर बेबीताई खिडकीकडे बघत म्हणाल्या, “म्हंजे मले नाही लागला त्यानं, पन लागला असता.”

“हो.”

“मंग मले कशानं लागला?”

रुपालीनं मागं पाहिलं. दारात रामराव येऊन उभे होते. ती उठून बाहेर आली आणि दार ओढून घेतलं.

कारखान्यातून चार दिवस कुणाचा फोन नव्हता. पाचव्या दिवशी तिथल्या फोरमननं, श्यामनं, कळवलं की गाड्या निघाल्या नाहीत. गोदामातले कूलर उकलायला घेतलेत, सगळ्यांना बोल्ट बसतोय. “रिबिटचे असते तर अख्खे पत्रे कापावे लागले असते, ताई,” श्याम म्हणाला. “हे तर पटापट खुलतात. राजकुमारजी स्वतः येऊन बघून गेले. बोलले काही नाही.” पुढच्या वर्षीचं काय, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. कंपनीच्या बोर्डाची बैठक जूनमध्ये होती. रुपालीला कामावर ये असंही कुणी म्हटलं नव्हतं, येऊ नको असंही नाही.

शनिवारी बेबीताई घरी आल्या. रविवारी रुपाली आणि धर्मपाल मुकुटबनला गेले तेव्हा रामरावांनी घरामागे अर्थिंगसाठी कमरेइतका खड्डा खणून ठेवला होता. कोळसा, मीठ, लोखंडी पाइप, सगळं आणलं होतं. घरातले सगळे बोर्ड बदलून तीन भोकांचे केले होते. दिवसभर ते स्वतः घमेली उचलत होते आणि बायकोच्या नजरेला नजर देत नव्हते. बेबीताईही त्यांच्याशी मोजकंच बोलत होत्या; पण त्यांच्या हातचं पाणी घेत होत्या.

ऊन कललं तेव्हा काम संपलं. नवा पंप आणि तीन पायांची पिन घातलेला कूलर खिडकीत चढवला, टाकी भरली. रुपालीनं टेस्टर लावला. टेस्टरचा दिवा लागला नाही, म्हणजे पत्र्यात करंट नव्हता. तिनं तो दुसरीकडे लावला, तिसरीकडे लावला, मग पंखा सुरू केला आणि परत चारी बाजूंनी लावला.

“झालं, काकू. काही नाही आता.”

बेबीताई खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. “ते पेन्सिलीसारखं मले नाही समजत,” त्या म्हणाल्या. “तू हात लाव.”

“काय?”

“हात लाव तू. ओला करून लाव.”

रामराव पुढं झाले, “मी लावतो की...”

“तुम्ही नाही. तिनं बनवला, तिनं लावावा.”

रुपालीनं बापाकडे पाहिलं. लाकडी पाट कुठं आहे हे धर्मपालच्या नजरेनं शोधून ठेवलेलं तिला दिसलं. तिनं नट स्वतः आवळला होता. वायर ओढून पाहिली होती, खड्डा पाहिला होता, टेस्टर सात ठिकाणी लावला होता. तिला सगळं ठाऊक होतं, आणि तरी तांब्यातल्या पाण्यात हात बुडवताना तिची बोटं आखडली. हातावरून पाणी कोपरापर्यंत ओघळलं. एक पाऊल. दुसरं. तिनं डोळे मिटले नाहीत, कारण बेबीताई बघत होत्या. मग तिनं तो ओला पंजा सबंध पत्र्यावर टेकवला.

गार लोखंड. आत पंख्याची थरथर. बाकी काही नाही.

तिनं हात तसाच ठेवला. किती वेळ ठेवायचा हे कुणी सांगितलं नव्हतं. बेबीताईंच्या चेहऱ्यावरचा ताण जरासा सैल झाल्यासारखा वाटेपर्यंत तिनं तो काढला नाही.

“बरं,” बेबीताई शेवटी म्हणाल्या. त्या भिंतीपासून दोन पावलं पुढं आल्या, हवेच्या झोतात उभ्या राहिल्या, पदरानं मान पुसली. पट्टी बांधलेला हात त्यांनी छातीशी धरून ठेवला होता. “हवा घेईन मी. हात आज नाही लावनार.”

“नका लावू,” रुपाली म्हणाली.

“उद्याचं उद्या पाहू,” बेबीताई म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.